त्र्यंबकनानांचा अंगठा

जुनी मोटार विकत घ्यायची तर आधी मस्तगडावर जाऊन त्र्यंबकनानांना घेऊन यायचं, हे आमच्या जालन्यात लग्नाआधी पत्रिका दाखवण्याइतकं ठरलेलं होतं. निजामाचं राज्य होतं. मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्याही बहुतेक हैदराबादेत कुणा बड्या माणसानं वापरून टाकलेल्या. दलाल त्यांना नवा रंग देऊन आमच्याकडं आणत. रंगावर भुलणारी माणसं जगात कधी कमी पडली नाहीत, आणि जालन्यात तर मुळीच नाहीत. गिऱ्हाईक आणि दलाल यांच्या मधोमध नानांचा उजवा अंगठा तेवढा उभा असे.

मी तेव्हा मोटार स्टँडवर तिकिटं फाडायला होतो. खांद्याला चामड्याची पिशवी आणि गळ्यात पितळी शिट्टी. ती वाजवली की मोटार हलायची, त्यामुळं आपणच मोटार चालवतो असं मला वाटायचं. आमच्या प्रवासी सर्व्हिसच्या मोटारींची दुरुस्ती नानांकडं होती, म्हणून रोज गाठ पडे. ते मला ‘मास्तर’ म्हणत. तिकिटं फाडणाऱ्याला मास्तर म्हणणारा दुसरा कुणी नव्हता, तेव्हा त्यांच्याबद्दल मी चांगलंच बोलणार हे वाचणाऱ्यानं धरून चालावं.

नाना सरकीच्या कारखान्यातल्या मोठ्या इंजिनावर तेल घालता घालता शिकलेले. धोतर, डोक्याला पांढरं पागोटं आणि अंगात खाकी कोट. तो कोट उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापर्यंत लावलेला असायचा, कारण खिसे पान्यांनी भरलेले, आणि गुंड्या सोडल्या की कोट एकीकडं आणि नाना दुसरीकडं अशी गत व्हायची. चालताना खुळखुळ वाजत. नाना येताहेत हे गल्लीला आधी ऐकू यायचं, मग दिसायचं. नम्रता हा प्रकार त्यांच्या घराण्यात नव्हता. “जालन्यापासून हैदराबादपर्यंत असा अंगठा दुसरा न्हाई,” हे ते आज मंगळवार आहे असं सांगावं तितक्या सहज सांगत. ऐकणाऱ्यालाही त्यात फुशारकी वाटत नसे. होतंच तसं.

त्यांचं काम दिसायला सोपं होतं. इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकात एक दट्ट्या खालीवर होतो आणि वर येताना आतली हवा दाबतो. हवा घट्ट दाबली गेली तर मोटारीत जोर. कुठून गळली तर मोटार चढावर बसते. नाना या दाबाला ‘दम’ म्हणत. एकेक प्लग काढायचा, त्या भोकावर उघडा अंगठा दाबून धरायचा आणि पुढं एकानं हँडल फिरवायचं. आतून हवा उसळून अंगठा उडवायला बघते. किती जोरानं उडवते, एकदम उडवते की कुरकुरत, यावरून नाना इंजिनाचं पोट सांगत. डोळे मिटलेले, मान जराशी कलती. भोवती बाजार भरलेला असला तरी त्या वेळी कुणी बोलायचं नाही.

चार सिलिंडरांना ते चार भाऊ म्हणत. “थोरला पहिलवान हाय. दुसरा बराबर. तिसरा आळशी हाय, पण मन मोठं हाय त्याचं. धाकटा मात्र बायकोचं ऐकून वेगळा निघालाय.” ऐकणारे हसायचे, पण घेणारा पैशाच्या पिशवीचं तोंड पुन्हा आवळायचा. एकत्र घरात एकानं काम चुकवलं की बाकीच्या तिघांचे कसे हाल होतात, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. दमात खोट निघाली तर त्या भोकातून चमचाभर तेल सोडून नाना पुन्हा अंगठा धरत. तेलानं दम वाढला तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या. नाही वाढला तर हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी जी झाकणं असतात, ती जळली. त्या झाकणांना ते ‘वाल’ म्हणत.

त्यांचे नेम दोनच, पण ते ब्रह्मदेव आला तरी मोडत नसत. निकाल सांगितल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही, हा एक. चहा समोर निवून जायचा, वर साय धरायची, पण नाना बघायचे नाहीत. आणि थंड इंजिनावर अंगठा ठेवायचा नाही, हा दुसरा. मोटार आधी माणसं भरून पळवायची, चांगली तापवायची आणि मग प्लग काढायचे. “थंड इंजिन झोपलेल्या माणसावानी असतं. झोपेत सगळेच गुणी दिसतात,” असं ते म्हणत. तापल्या लोखंडावर उघडा अंगठा धरायचा म्हणजे चटका बसणारच. मी एकदा फडकं पुढं केलं, तर म्हणाले, “फडक्यातून नाडी लागत न्हाई, मास्तर.”

एकदा हैदराबादेचा एक दलाल अशी काही मोटार घेऊन आला की रस्त्यावरचे टांगेवालेसुद्धा टांगे थांबवून बघत राहिले. हिरवा रंग, पितळी दिवे, आणि आत बसायला मखमल. कापडाच्या एका व्यापाऱ्यानं ती मनातल्या मनात घेऊनच टाकली होती. दलालानं आपल्या ड्रायव्हरला हँडल मारायला लावलं तर जोर असा लागला की तो कण्हला.

“देखिए साहब, क्या दम है!” दलाल म्हणाला.

“दम हाय,” नाना म्हणाले. “जरा अंबडच्या रस्त्यानं फिरून येऊ.”

“उसकी क्या जरूरत?”

“मला वारा खायचाय.”

फुकट मोटारीत बसायला मिळतंय म्हटल्यावर आम्ही सगळे चढलो. थोडं पुढं गेलो आणि मागून निळा धूर निघायला लागला. त्या धुराला असा काही वास की लहानपणी ज्यांना ज्यांना आयांनी नाक दाबून एरंडेल पाजलं होतं त्या सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. झिजलेलं इंजिन घट्ट वाटावं म्हणून दलालानं सिलिंडरांत एरंडेल ओतून ठेवलं होतं.

“जुलाब दिल्ता का हो गाडीला?” नानांनी विचारलं.

परत येईपर्यंत एरंडेल जळून गेलं आणि चौघांपैकी तिघे भाऊ अंथरुणाला खिळलेले निघाले. व्यापारी वाचला. दलाल पुढं किती तरी दिवस जालन्याला वळसा घालून जाई म्हणतात.

त्या दिवशी मी हट्टानं नानांना म्हटलं की मलाही शिकवा. त्यांनी माझा अंगठा धरून भोकावर ठेवला, हँडल फिरवायला लावलं.

“काय लागलं?”

“जोर लागला.”

“किती?”

“लई.”

“लई म्हणजे किती ते सांगता येतं का? न्हाई ना? मंग सोडा. तिकिटं फाडा जाऊन. अंगठा शिकवता येत न्हाई, मास्तर. तो देव देतो. एकालाच देतो.”

मला राग आला. एवढं चांगलं माणूस आपली विद्या अशी मुठीत धरून बसतं याचा आला. पण त्यांच्यापुढं तो टिकायचा नाही, दुपारी तेच मला घरी जेवायला घेऊन गेले.

सरूकाकू, म्हणजे नानांच्या मंडळी, भाकरी थापताना बोलत आणि बोलताना भाकरी थापत. त्या दिवशी त्यांनी तक्रार मांडली ती माझ्यापुढं. “मास्तर, तुमी तरी सांगा यांना. काल चुलीतला निखारा बोटानं उचलला अन् बिडी पेटवली. घरात कातडं जळल्याचा वास सुटला तरी हे बोलूनच राह्यले. मी हातातून उडवला मंग कळलं.”

“कातडं तयार झालंय माझं,” नाना म्हणाले आणि अंगठा उन्हात धरून मला दाखवला. काळा, चकचकीत, रेषा पुसून गेलेला.

“तयार झालंय की मेलंय ते वैद्याला दाखवा.”

“तुला काय कळतं इंजिनातलं?”

“मला इंजिनातलं न्हाई कळत. पण तवा गरम हाय का थंड, हे मला कळतं. तुमाला कळत न्हाई.”

नाना हसले. मीही हसलो. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी निखाऱ्यावरची भाकरी उलटली आणि माझ्या ताटात टाकली.

त्यानंतर महिना-दीड महिन्यानं आष्टीचे माणिकराव स्टँडवर आले. परतूरला रेल्वे आहे, आष्टीला नाही. बाजारची, कोर्टकचेरीची, बाळंतिणीची सगळी माणसं बैलगाडीनं स्टेशनावर जायची. माणिकरावांनी भाऊबंदांच्या गळी उतरवून आष्टी ते परतूर चालवायला एक मोटार घेतली होती. गावातले जाणते विरोधात होते. “त्र्यंबकनानानं हो म्हणलं तर घेऊ,” यावर सगळ्यांचं जमलं. नाना जालन्यात हो म्हणाले होते, मी तिथंच होतो. “चारही भाऊ एका ताटात जेवून राह्यले. डोळे झाकून घ्या,” असं म्हणून त्यांनी चहा उचलला होता.

आता माणिकराव माझ्या तिकिटाच्या फळीसमोर येऊन हळू आवाजात विचारू लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“नाना कुठं हायेत? गाडी पहिल्याच दिशी परतूरच्या अलीकडं बसली. गाव भरून आल्तं तिच्यात. रेल्वे चुकली, माणसं पायी परत गेली. भाऊबंद म्हणून राह्यलेत की मी नानाचं नाव खोटंच सांगितलं.”

मागून पान्यांची खुळखुळ थांबली. नाना येऊन उभे होते.

“खोटं कसं? माझं नाव खरं हाय,” ते म्हणाले. “पाण्याचा दोष असंल न्हाई तर ड्रायव्हरचा. चला, दाखवतो. मास्तर, तुमी बी चला.”

रेल्वेत ते वाटभर ड्रायव्हर लोकांच्या अकलेवर बोलत होते. आवाज नेहमीचाच. पण अंगठा पहिल्या बोटाशी सारखा घासत होते.

मोटार परतूरच्या बाजाराच्या कडेला लिंबाखाली उभी होती. आष्टीची माणसं आधीच जमलेली. नानांनी मोटार ढकलायला लावली, कशीबशी चालू करून तापवली, प्लग काढले, डोळे मिटून अंगठा धरला. ड्रायव्हर हँडल फिरवत होता.

“थोरला बराबर. दुसरा बराबर. तिसरा, चौथा बराबर. दम हाय गाडीत. तुमचा पेट्रोलचा नळ पाहा.”

माणिकराव पुढं आले. माणूस शेतकरी, इंजिनाला कधी हात लावलेला नाही. त्यांनी पहिल्या भोकावर, मग दुसऱ्यावर अंगठा ठेवला आणि दर वेळी ड्रायव्हरला खूण केली. मग चटका बसला म्हणून हात झटकला, पुन्हा ठेवला.

“नाना, हितं तर काहीच लागत न्हाई,” ते म्हणाले. “बाजूच्याला लागतं. हितं लागत न्हाई.”

नानांनी त्यांचा हात बाजूला केला आणि स्वतःचा ठेवला. दुसऱ्यावर. मग पहिल्यावर. मग पुन्हा दुसऱ्यावर. “फिरव,” म्हणाले. “फिरव. अजून फिरव.” या खेपेला डोळे मिटले नव्हते; आपल्या अंगठ्याकडं ते टक लावून बघत होते. मला तेव्हा उमगलं. आतली हवा त्यांना जाणवतच नव्हती; हँडल मारणाऱ्याचा श्वास जिथं अडकतो तिथं त्यांचा अंगठा सवयीनंच उचलला जात होता. इतक्या वर्षांच्या तापल्या लोखंडानं त्यात काही ठेवलं नव्हतं, आणि ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

मला वाटलं, आता हा माणूस संपला. काही तरी सबब सांगेल, रेल्वेत बसेल आणि उद्यापासून मस्तगडाबाहेर पडणार नाही. दुसरं कोणतंही काम गेलं तर माणूस नवं शोधतो. नानांकडं शब्दाशिवाय होतं काय?

नाना मोटारीच्या पायरीवर चढले. सबंध बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ऐका रे. त्र्यंबकचा अंगठा मेला. माणिकरावानं खोटं सांगितलं न्हाई. मी हो म्हणलो अन् मी चुकलो. दुसऱ्या भावात दम न्हाई. गाडी खरी केल्याबिगर मी जालन्याला जात न्हाई. ज्याला पाहायचंय त्यानं थांबावं, ज्याला हसायचंय त्यानं आताच हसून घ्यावं, मंग मला टाइम न्हाई.”

एवढी मोठी चूक एवढ्या थाटात कबूल करताना मी दुसरा माणूस पाहिला नाही. कुणी हसलं नाही.

कोट काढून त्यांनी लिंबाच्या फांदीला अडकवला, फांदी वाकली. मग ते कामाला लागले. इंजिनाचं वरचं झाकण उतरवलं, दुसऱ्याचा वाल जळलेला निघाला, तो काढला, खरडला, तेलात कालवलेली घासायची बारीक पूड लावून तो जिथं टेकतो त्या बैठकीवर फिरवत राहिले. रात्री माणिकरावांच्या परतूरच्या पाव्हण्यांकडं जेवले आणि सकाळी पुन्हा लिंबाखाली. सगळं जोडून झाल्यावर मोटार तापवली, प्लग काढला. आणि इथं येऊन अडलं. दम आला की नाही हे पाहायचं कशानं?

“माझा अंगठा घ्या की,” माणिकराव म्हणाले.

“आज तुमचा घेतला. उद्या देऊळगावाला कोणाचा घेऊ? गावोगाव अंगठे बांधून नेऊ का गाठोड्यात?”

हे म्हणता म्हणता त्यांची नजर माझ्या गळ्यावर गेली. मी हात वर करायच्या आत शिट्टी त्यांच्या हातात होती. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा तिच्या तोंडावर गुंडाळून त्यांनी ती प्लगच्या भोकात घट्ट बसवली.

“फिरव.”

दट्ट्या वर आला आणि शिट्टी अशी कडाडली की लिंबाखालची शेळी दावं तोडून पळाली. पहिल्यावर लावली, वाजली. तिसऱ्यावर, चौथ्यावर. सगळीकडून सारखीच. मग नानांनी मुद्दाम पुन्हा दुसऱ्यावर लावली. वाजली. आष्टीच्या म्हाताऱ्यांनी, बायांनी, सगळ्यांनी आपापल्या कानांनी ऐकली. माणिकरावांचे भाऊबंद एकमेकांकडं बघून माना हलवत होते. मोटार त्याच दुपारी माणसं भरून आष्टीला गेली आणि चढावर थांबली नाही.

शिट्टी मला परत मिळाली नाही. जालन्याला येताना नाना म्हणाले, “अंगठ्याला जे बारीक कळायचं ते हिला कळत न्हाई. आळशी कोण अन् दमलेला कोण, हे ही सांगत न्हाई. पण मेलेल्याला जिता म्हणत न्हाई ही.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “अन् सगळ्याला ऐकू येतं.” त्यांच्या तोंडून हे ऐकून मला फार बरं वाटलं.

दलालांनी स्टँडवर पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. नानांनी त्यांना फार वेळ दिला नाही. गेल्या दिवाळीपासून ज्या ज्या मोटारीला ते हो म्हणाले होते, त्या प्रत्येकीच्या दारात शिट्टी घेऊन स्वतः गेले. बहुतेक चांगल्या निघाल्या. जी निघाली नाही ती त्यांनी नीट करून दिली. सरूकाकू म्हणाल्या, “घरचं जेवण यांना आता पाव्हण्यासारखं मिळतं, इतकं गावोगाव फिरून राह्यलेत.” त्या पुन्हा हसायला लागल्या होत्या, आणि अंगठ्याला रोज रात्री खोबरेल लावून देत होत्या. त्यानं काही होणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

पुढं दुसरी मोठी लढाई आली, पेट्रोल आटलं, कोळशाच्या वायूवर चालवायला मोटारींच्या पाठीला भट्ट्या लागल्या. मला परभणीकडं नोकरी मिळाली आणि जालना सुटलं. नानांना मी शेवटचं पाहिलं ते परतूरलाच. बाजाराचा दिवस होता. मी स्टेशनाकडं निघालेलो, आणि ओळखीची शिट्टी ऐकू आली.

तोच लिंब. खाली एक भट्टीवाली मोटार, बॉनेट उघडं, भोवती गर्दी. नाना आता उभे नव्हते. एका उलट्या डब्यावर बसलेले, कोट तसाच गळ्यापर्यंत लावलेला. शिट्टी लावणं, काढणं हेही दुसरंच कुणी करत होतं. समोर फळीवर चहाचा पेला ठेवलेला, त्याला हात लावलेला नव्हता.

पहिला वाजला. दुसरा वाजला. तिसऱ्याला नुसतं फुसफुसलं. चौथा वाजला.

सगळी गर्दी नानांकडं बघायला लागली. मोटार घ्यायला आलेला शेतकरीही त्यांच्याकडंच बघत होता, हात जोडल्यासारखा. दलाल काही तरी बोलायला निघाला होता, पण नानांनी नुसता हात वर केला.

“माझ्याकडं काय पाहून राह्यला?” ते शेतकऱ्याला म्हणाले. “कान कोणाचे हायेत?”

“माझे.”

“मंग सांग.”

तो माणूस घुटमळला. आयुष्यात मोटारीबद्दल त्याला कुणी काही विचारलं नसावं.

“तिसरा,” तो हळू म्हणाला. मग मोठ्यानं, दलालाकडं बघून, “तिसरा भाऊ काम करत न्हाई.”

नानांनी मान हलवली आणि चहाचा पेला उचलला.